आखूड पडलेला कारखाना

आमच्या बाबांनी मोटारींचा कारखाना काढला, अकरा गाड्या विकल्या आणि दोन वर्षांत तो बंद केला. लोक म्हणतात, बुडाला. बुडायला तो काय जहाज होता? तो आखूड पडला.

कामगार म्हणजे घरचेच. काका इंजिन जोडायचे, आई सीटा शिवायची आणि आत्या रंगकामात सख्ख्या भावाचंही ऐकायची नाही. सांगाडा उभा राहिला की बाबा हाक मारायचे, "या रे, बसून बघा!" आम्ही बसायचो, पाय हलवायचो, मान डोलवायचो. कोणालाच काही टोचायचं नाही. मग तेच माप कायम व्हायचं.

पहिल्या अकरा गाड्या तात्पुरत्या परवान्यावर नात्यागोत्यातच खपल्या. बारावी तपासून कायमचा परवाना द्यायला सरकारी तपासनीस येणार होते. तो मिळाला नाही तर दाराला कुलूप. बाबांनी सकाळपासून ती गाडी सात वेळा पुसली होती. तपासनीस दारातून वाकून आत आले. सहा फुटांहून उंच माणूस! आमच्या अख्ख्या नात्यात पाच फुटांच्या वर कोणी गेलेलं नाही.

ते गाडीत शिरले खरे. गुडघे छातीशी, मान तिरकी. तशाच अवस्थेत आवाराला एक फेरी मारून त्यांनी गाडी कुंपणाला टेकवून थांबवली. काका आणि आत्याने त्यांना ओढून बाहेर काढलं.

"इंजिन झकास आहे हो," ते मान चोळत म्हणाले, अगदी मनापासून. "पण ब्रेकवर पाय न्यायला जागाच नाही. छप्पर चार बोटं वर घ्या, सीट वीतभर मागे. तोवर मला सही करता येणार नाही."

छप्पर वर घ्यायचं म्हणजे सगळे साचे नवे. ते आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, हे बाबांना उभ्या उभ्या कळलं. तपासनीस गेल्यावर आई भडकली.

"अहो, एका तरी परक्या माणसाला बसवून बघायचं! एवढी साधी गोष्ट सुचू नये?"

बाबा टपावर हात ठेवून उभे होते. "खरंच नाही सुचलं गं. माप घेताना डोळ्यांसमोर तुम्हीच असायचात."

आईचा राग कुठल्या कुठे पळाला. मला तर रडूच फुटलं. आई दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"मग उभे काय राहिलात? घरी न्या आम्हाला."

बिनपरवान्याच्या त्या गाडीत आम्ही पाचही जण बसलो, आणि कोणाचंही डोकं छपराला लागलं नाही.