चरबी खाण्याआधीची कळ

आमच्याकडे पाहुण्याचा मान जितका मोठा, तितका तो दारापासून लांब बसतो. त्या दुपारी माझा नवरा बेकसुलतान व्याह्यांच्या घरी थेट आतल्या भिंतीला टेकून बसला होता. जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायचं लांब कापड, अंथरलेला, दोन्ही अंगांना मांडीला मांडी लावून माणसं. मी दारापाशी, बायकांत. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी दोन्ही घरांनी खाल्ली की आमच्या मुलाची, येरदेनची सोयरीक पक्की. आणि वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

बेकसुलतान छातीवर मूठ दाबून होता. कपाळावर घाम.

"व्याह्यांना आत्ताच जळजळतंय वाटतं!" विहीण काझिपा हसली. "चरबी अजून यायचीय! सोडा द्या गं त्यांना."

सगळे हसले. तो सोडा प्यायला.

त्याची जळजळ मला पाठ आहे. ती जेवण झाल्यावर येते, आडवं पडलं की वाढते, घशाशी आंबट पाणी आणते आणि सोड्याने ढेकर देऊन उतरते. आज त्याने नानचा तुकडासुद्धा मोडला नव्हता. जिना चढताना मात्र दोनदा थांबला होता. आता तो जबडा चोळत होता, डावा हात मांडीवर नुसता पडलेला. ढेकर नाही, काही नाही.

"अहो, उठा. दवाखान्यात जाऊ."

"गप बस. चारचौघांत शोभा करू नकोस," तो पुटपुटला. ओठ पांढरे पडले होते.

"चरबी चुकवताय की मुलगी नापसंत आहे, विहीणबाई?" काझिपाचा आवाज चढला.

येरदेन माझ्याकडे बघून मान हलवत होता. नको, आई. कुणी जागचं हलेना. एवढ्या माणसांत माझा नवरा मरायला लागला होता आणि सगळे चहा ओतत होते. मला भयंकर राग आला.

दस्तरखानावर पाय देणं म्हणजे अन्नाला लाथ मारणं. मी दिला. वाट्या, सुका मेवा, नान तुडवत सरळ त्याच्यापाशी गेले आणि ओरडले, "अँब्युलन्स बोलवा! हे पोटाचं नाही, हृदयाचं आहे!"

हृदयाचंच होतं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बंद पडलेली नस उघडली.

सोयरीक मोडली. येरदेन रोज बापाला सूप भरवायला येतो, माझ्याशी बोलत नाही.

बेकसुलतानही काल म्हणाला, "जरा थांबली असतीस, तर पोराचं लग्न झालं असतं."

हे ऐकवायला तो आहे. बोलू दे.