उंबऱ्यापलीकडून आलेलं ‘हाय’

मोरव्यात तेव्हा कोळ्यांची चाळीसेक घरं. भाईंदर स्टेशनाच्या अंगाला रोज नवी माणसं राहायला येत होती, दुकानांतून हिंदी-गुजराती चालायची. कोळणींनी मात्र आपल्यापुरती एक बोली राखली होती. एखादीनं नाकाला हात लावला की ती पुढं बोलेल ते सगळं उलटं. ‘हाय’ म्हणजे न्हाय, ‘न्हाय’ म्हणजे हाय. ती उठून उंबरा ओलांडेपर्यंत उलटंच. या बोलीच्या जोरावर बायकांनी नवऱ्यांच्या डोळ्यांदेखत दोन होड्या विकल्या होत्या, आणि नवरे अजून त्या शोधत होते.

अडुसष्ट साली गोदूबाईच्या दुर्गाला बघायला मुर्ध्याहून पाहुणे आले. मुलगा नाथा, त्याची आई लक्ष्मी, आजोबा बाबाजी. दुर्गानं नाथाला जत्रेत दोनदा बघून ठेवलं होतं. तिसऱ्यांदा नुसतं बघायची तिची तयारी नव्हती.

आईची चापाची नथ दुर्गाच्या नाकाला चिमटत होती. बाबाजींनी विचारलं, “पोरी, नाथा पसंत हाय ना?”

दुर्गाचा हात नकळत नाकाकडे गेला. “हाय,” ती म्हणाली.

दारामागच्या बायकांचे चेहरे उतरले. पोरीला नको आहे! गोदूबाईनं पाहुण्यांच्या चहात मूठभर मीठ टाकलं. मावशी सुगंधा पुढं सरसावली.

“सांगितलेलं बरं. पोरगी झोपेत चालते. एकदा तर झोपेतच होडी हाकत वसईला गेली.”

“खोटं हाय!” दुर्गा ओरडली.

“बघा, कबूल करतेय,” शेजारची विमलाबाई आत कुजबुजली.

“वसईला?” बाबाजी खूश झाले. “आमचा नाथा जागेपणी वसई चुकतो.”

“मना नाथाच पायजे!” दुर्गा रडकुंडीला आली.

“केवढी घाबरलीय गं,” गोदूबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि चहात आणखी एक मूठ टाकली.

लक्ष्मीनं घोटभर चहा घेतला, कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. “चल रे नाथा. आपल्याला झोपणारी सून पायजे, फिरणारी न्हाय.”

दुर्गाच्या ध्यानात आलं. ‘हाय’ म्हटलं तर बायका लग्न मोडणार, ‘न्हाय’ म्हटलं तर पाहुणे जाणार. आणि पुरुषांसमोर बोली फोडली तर मोरव्यातली एकही बाई पुन्हा शेजारी बसू देणार नाही. ती ताडकन उठली, चपला शोधणाऱ्या लक्ष्मीला ढकलून उंबऱ्याबाहेर गेली, अंगणात जरा थांबली आणि परत आत आली. हात पाठीमागं घट्ट बांधून म्हणाली,

“मना नाथा पसंत हाय.”

आत भांडं पडलं. सुगंधा तेवढ्याच जोरात म्हणाली, “अगो बाय! झोपेत चालते ती आमच्या नणंदेची पोर!”

“गेली ती परत आली,” बाबाजी म्हणाले. “लक्ष्मी, बस खाली. गूळ आणा.”

गूळ आणायला गेलेल्या गोदूबाईनं लेकीचा दंड धरून हळूच विचारलं, “मघाशीच का न्हाय सांगितलंस?”

“सांगतच होते की, आये.”