पाठीची शिवण

"श्वास आत घे, बाय. घे आणि धरून ठेव."

आईचा तो आवाज राणीच्या कानात अजून तस्साच होता. तेव्हा राणी नवरी होती आणि आई सुई घेऊन पाठीशी उभी होती. आज सुई राणीच्या हातात होती आणि पुढ्यात पाठ होती लेकीची.

राजघराण्यातल्या लेकी-सुनांना लग्नाचा गाऊन एकच. सायीच्या रंगाचा, रेशमी, पिढ्यान्‌पिढ्या अंगाअंगांची ऊब प्यालेला. पाठीला ना हूक, ना बटण. नवरीला उभं करायचं आणि तिच्या आईनं पाठ अंगावरच शिवून टाकायची. उसवायची ती सोहळा आटोपल्यावर, सासूनं. तोवर नवरीनं बसायचं नाही, वाकायचं नाही. आधी आईनं तीनदा विचारायचं, नवरीनं तीनदा 'घाल' म्हणायचं. आजवर कुणी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"टाका घालू?"

"घाल," लेक म्हणाली.

शिंपीणबाई गुडघ्यांवर बसून घेर सावरत होत्या. "राणीसाहेब, जरा हळू. रेशीम पार विरलंय. आतून जाळी लावलीय, तरी एकदा टरकलं की कमरेपर्यंत जाईल."

"काही टरकत नाही," खुर्चीतून आत्याबाई म्हणाल्या. राणीची ही नणंद म्हणजे घरातल्या रीतींची राखणदार. "माझ्या अंगावर टिकलंय ते. आणि मी काय तेव्हा काडी होते?"

शिंपीणबाई खुदकन हसल्या. लेक हसली नाही. तिचे खांदे कानांशी चढले होते, मानेवर काटा आला होता. राणीला शंका आली. मुलगा मनातून उतरला की काय हिच्या? कालपर्यंत तर त्याच्याशी फोनवर खिदळत होती. आणि आता, गाडी दारात लागलेली, रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी!

"टाका घालू?"

"घाल." आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा.

राणीनं दोन्ही कडा जुळवल्या. बोटांखाली लेकीचं काळीज धडधडत होतं, मुठीत धरलेल्या पाखराचं धडधडावं तसं. सुईचं टोक रेशमाला टेकलं.

"टाका घालू?"

लेकीनं समोरच्या आरशात नजर वर उचलली.

"अगं, बोल की! वाचा बसली का?" आत्याबाई कडाडल्या.

लेक आरशातून आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लग्न करायचंय मला, आई. त्याच्याशीच करायचंय. पण मला शिवू नकोस. जीव गुदमरतो माझा."

"घ्या! आणि पाठ उघडी टाकून जाणार का?" आत्याबाई उठल्याच. "वहिनी, टाका घाला मुकाट्यानं. आज सुटली ही रीत, तर कायमची सुटली. लोक तोंडात शेण घालतील."

राणीचा हात जागीच थांबला. एक टाका घातला की सगळं सुरळीत होणार होतं: आत्याबाई, गाडी, रस्ता, सगळं. लेकही गप्प होणार होती. कायमची.

तिनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली.

"बाई, रुंद फीत काढा. पाठीवरून बांधू, हवी तेव्हा सुटेल अशी."

"वहिनी!" आत्याबाईंचा आवाज चिरकला. "तुम्हीही उभ्या होतात इथंच. हूं की चूं केलं होतंत का?"

"नाही केलं, वन्सं," राणी म्हणाली. "तुम्ही सगळ्या बघत होतात, म्हणून नाही केलं. पण तिसऱ्यांदा माझ्याही ओठांवर 'नको'च आलं होतं."