राखून ठेवलेला बिघाड

लिफ्टवाल्यांच्या घरचा कॉम्प्युटर बिघडला आणि त्यांनी तो दुरुस्त केला नाही, हे इमारतीत कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करत, वंगणाच्या वासात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही शेजारीपाजारी इस्त्री, पंखा, मुलांची खेळणी घेऊन त्यांच्याच दारात यायचे. बंद पडलेली वस्तू समोर दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तर वर्कशॉपमधला कॉम्प्युटरही तेच सांभाळायचे. तरीही घरचा कॉम्प्युटर त्यांनी बिघडलेलाच राहू दिला, आणि त्याला कारण होतं गुलाब लावणारा एक माणूस.

घरी कॉम्प्युटरवर बसायची ती त्यांची बायको. तिला झाडांचं वेड. बाल्कनीत पाय ठेवायला जागा नव्हती, एवढ्या कुंड्या. कुठूनतरी तिला झाडवेड्या लोकांची एक वेबसाइट सापडली. तिथे लोक आपापल्या रोपांची गाऱ्हाणी मांडायचे आणि जाणकार उत्तरं द्यायचे. बघता बघता तीही जाणकारांत जाऊन बसली. तिथे कुणी खरं नाव लावत नसे. ही झाली ‘कुंडीवाली’. आणि एक होता ‘काटा’.

“आज काटा काय म्हणाले माहितीये?” असं जेवताना सुरू व्हायचं.

“माणसाचं नाव काटा?”

“गुलाब लावतात ना ते. चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं.”

“मग ‘काच’ नाव घ्यायचं होतं.”

ती हसली नाही. काटाच्या विनोदांना मात्र ती स्क्रीनसमोर एकटी बसून खुदुखुदू हसायची. लिफ्टवाले पेपर वाचत असायचे, पण कान तिकडे. आपल्या कोणत्या विनोदाला ही शेवटची अशी हसली होती, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

एकदा ती माती आणायला बाहेर गेली आणि पान उघडंच राहिलं. लिफ्टवाले सहज म्हणून खुर्चीत बसले. सहज कसलं, वाटच बघत होते. काटाने विचारलं होतं, झाडांची आवड कुठून लागली? तिने लिहिलं होतं, ‘माझे वडील पाणी घालताना रोपांशी बोलायचे. दिवसभरात काय झालं ते सगळं सांगायचे. घरात कुणाशी फार बोलत नसत, म्हणून मी दाराआड उभी राहून ऐकायची. वडील मला कळले ते असे, चोरून.’

लिफ्टवाल्यांनी ते दोनदा वाचलं. सासऱ्यांबरोबर ते कितीदा तरी जेवायला बसले होते. हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात जे आपल्याला सांगितलं नाही, ते त्या चष्मेवाल्याला सांगितलं? बायकोवर संशय वगैरे अजिबात नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

कोण आहे हा? दिसतो कसा? वय काय? त्यांनी शोधायला सुरुवात केली. शोधता शोधता एका पानावर मोठ्ठं हिरवं बटण दिसलं. कुठल्याही टोपणनावामागचा खरा माणूस ओळखा, अगदी मोफत. एरवी असं बटण बघून ते हसले असते. ‘बटण दाबण्याआधी केबिन जागेवर आहे का बघ,’ हे त्यांनी हाताखालच्या कितीतरी पोरांना दटावून सांगितलं होतं. पण मत्सर चढला की माणसाला स्वतःचीच शिकवण ऐकू येत नाही. पुढे, पुढे, मान्य, पुढे. मध्ये छोट्या अक्षरांत काहीबाही होतं, आधीच खुणा केलेल्या चौकटी होत्या. त्यांनी काही वाचलं नाही. शेवटी काटाचा पत्ताही लागला नाही, नुसतं एक चक्र फिरत राहिलं. जिन्यावर पावलं वाजली तसे ते चटकन उठले.

दुसऱ्या दिवशी बायको कॉम्प्युटरवर बसली आणि तिने हाक मारली, “अहो, हे काय झालंय बघा!”

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी कुठलंतरी भलतंच पान येत होतं, जाहिरातींनी खचाखच भरलेलं. काही शोधायला जावं तर कुणा अनोळखी सर्च इंजिनच्या हाती सापडायचं. झाडांच्या वेबसाइटवर क्लिक केलं की ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय’. वर एक नवीन पट्टी चिकटली होती, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी. कोपऱ्यात एकामागून एक सूचना टपकत होत्या.

लिफ्टवाल्यांना कळायला वेळ लागला नाही. ब्राउझर हायजॅक झाला होता, आणि चोराला दार उघडून देणारे आपणच. ते खुर्चीत बसले, काल आलेला प्रोग्राम शोधून काढला आणि माउस ‘काढून टाका’वर नेला. बोट खाली जाणार, एवढ्यात मागून बायको म्हणाली, “होईल ना हो लवकर? काटा वाट बघत असतील. त्यांच्या कळ्या गळतायत, मी आज उत्तर देते म्हटलं होतं.”

बोट तिथेच थांबलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “फार खोलवर गेलंय हे.”

“दुकानात देऊया का?”

“दुकानात सगळं पुसून टाकतात. तुझे झाडांचे फोटो जातील.”

ती घाबरली. फोटोंचं नाव निघालं की ती घाबरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीला लिफ्टवाल्यांना बरं वाटलं. संध्याकाळी बायको त्यांच्याजवळ बसायला लागली. पण बसायची म्हणजे नुसती बसायची. त्यांनी लिफ्टच्या जुन्या गमती काढल्या, तर “हं” म्हणायची. फिरायला जाऊ म्हणाले, तर चप्पल घालून मुकाट्याने चालायची. मधेच म्हणायची, “कळ्यांवर माव्याची कीड पडली असेल त्यांच्या. साबणाचं पाणी मारा म्हणून सांगायला हवं होतं.” काटा कॉम्प्युटरमधून निघाला होता आणि आता दोघांच्या मधे येऊन बसला होता.

मग एक दिवस लिफ्टवाले स्वयंपाकघरात चहा करत असताना बाहेरून बायकोचं बोलणं ऐकू आलं.

“हो, कुंडीवाली बोलतेय... अहो, तुमच्या दुकानाच्या नंबरावर केला. तुम्हीच नाही का दिला होता, चष्म्यासाठी?”

मग एक पुरुषी आवाज, मोठा, दिलखुलास. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला होता.

“घाबरू नका हो! माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला झालं होतं हे मागे. आपण दोघं मिळून काढू.”

आपण दोघं. लिफ्टवाल्यांनी गॅस बारीक केला, ऐकू यावं म्हणून.

काटा एकेक पायरी सांगत होता आणि बायको करत होती. आधी अलीकडे आलेले प्रोग्राम बघा, ओळखीचा नसेल तो काढा. काढला. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स बघा, आपण न टाकलेली असेल ती उडवा. उडवली. सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान पूर्वीसारखं करा. केलं. ज्या साइट्सना सूचना पाठवायची परवानगी दिलीय, ती बंद करा. बंद केली. माणूस मुळीच घाई करत नव्हता. तिने चुकीचं बटण दाबलं तर “असू दे, असू दे, माझंही तसंच झालं होतं” म्हणत होता. लिफ्टवाल्यांनी मनात कबूल केलं की शिकवतो चांगलं. त्याचाच जास्त राग आला.

“आता बंद करून परत चालू करा,” काटा म्हणाला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. बायकोने ब्राउझर उघडला आणि तिच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. तेच पान. त्याच जाहिराती.

“असं कसं?” काटा गोंधळला. “परत एकदा सगळं बघूया का?”

परत सगळं बघून झालं. परत तेच पान. स्वयंपाकघरात लिफ्टवाले ओट्याची कड घट्ट धरून उभे होते. काय राहिलंय ते त्यांना ठाऊक होतं. आयती संधी होती. काटा हरला होता, तोही तिच्यासमोर. नुसतं गप्प बसायचं होतं.

“मग बहुतेक फारच खोलवर गेलंय हे,” काटा म्हणाला. “सगळं पुसूनच टाकावं लागेल.”

‘पुसून’ ऐकलं मात्र, लिफ्टवाल्यांमधला कारागीर उसळला. साध्या बिघाडासाठी अख्खं यंत्र उतरवणारे लोक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि आयुष्यभर त्यांना शिव्या घातल्या होत्या.

“शॉर्टकट!” ते आतूनच ओरडले. “पुसायचं कशाला? ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक कर! आत त्या पानाचा पत्ता चिकटवलाय त्यांनी! तो खोड आधी!”

चहा उतू गेला.

“कोण हो?” फोनमधून आवाज आला.

“आमचे हे,” बायको सावकाश म्हणाली.

तिने उजवं क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडल्या. ब्राउझरच्या नावापुढे खरंच एक लांबलचक पत्ता शेपटासारखा लोंबत होता. तो खोडला आणि ब्राउझर उघडला, तर तिचं नेहमीचं पान समोर.

“वा! तुमच्या घरात एवढा हुशार माणूस असताना मला कशाला फोन केलात?” काटा हसत म्हणाला.

“तेच मलाही विचारायचंय त्यांना,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लिफ्टवाले चहाचं फडकं हातात घेऊन दारात आले.

“म्हणजे तुम्हाला येत होतं.”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“आणि हे आलं कुठून?”

खोटं बोलायची उत्तम वेळ होती, पण भात्यातले बाण संपले होते. “मी आणलं. त्याचं खरं नाव शोधत होतो. तू त्याला तुझ्या वडिलांचं सांगितलंस. रोपांशी बोलायचे ते. मला कधी सांगितलं नाहीस.”

तिने कॉम्प्युटर बंद केला.

“त्यांनी विचारलं,” ती म्हणाली. “तुम्ही कधी विचारलंत?”

एवढंच बोलून ती बाल्कनीत गेली आणि पाणी घालत बसली. त्या दिवशी तिने चहा स्वतःपुरता केला. नंतरचे काही दिवस “हो” आणि “नाही”वर घर चाललं. लिफ्टवाल्यांना वाटलं, रडली-भांडली असती तर सोसलं असतं, हे सोसवत नाही.

शेवटी तीच एका सकाळी खुर्ची ओढून बसली. “परत असं होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगा. नुसतं सांगायचं. माउसला हात लावायचा नाही.”

ते स्टुलावर बसले आणि सांगत गेले. कुठलाही प्रोग्राम घ्यायचा तर ज्याने बनवलाय त्याच्याच साइटवरून घ्यायचा. बसवताना घाई करायची नाही, प्रत्येक पान वाचायचं, आधीच खुणा केलेल्या चौकटी मोकळ्या करायच्या. अपडेट टाळायचे नाहीत. ब्राउझरमध्ये जे टाकलेले पासवर्ड होते ते बदलायचे, कारण या दिवसांत कोण डोकावून गेलं सांगता येत नाही. रोजच्या कामाला साधं खातं वापरायचं, ज्यातून काही बसवायला गेलं की पासवर्ड मागेल.

“तो पासवर्ड मी ठेवणार,” ती म्हणाली.

“मग मला काही बसवायचं असलं तर?”

“मला विचारायचं.”

तिने हाताची ओंजळ कीबोर्डवर धरून पासवर्ड टाकला. लिफ्टवाल्यांनी शहाण्यासारखं खिडकीकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “अगं, तुझे वडील... काय बोलायचे रोपांशी?”

“हे असं विचारतात होय? चौकशी अधिकारी विचारतो तसं?” पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. “सांगेन. आज नाही.”

पुढच्या रविवारी काटा घरी आला. तिनेच बोलावलं होतं, गुलाबाच्या फांद्या घेऊन या म्हणून. लिफ्टवाल्यांनी दार उघडलं. माणूस त्यांच्याहून हातभर उंच होता, डोक्यावर दाट पांढरे केस, आणि मोठ्याने बोलत होता, कारण त्याला थोडं कमी ऐकू यायचं. केस बघून लिफ्टवाल्यांचा हात नकळत स्वतःच्या टकलावर गेला. काटाच्या एका हातात फांद्यांची जुडी होती आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप.

“तुम्हीच ना शॉर्टकटवाले?” तो म्हणाला. “जरा बघता का? हाही मला भलतीकडेच नेतोय.”

लिफ्टवाले टेबलाशी बसले. काटाच्या लॅपटॉपची अवस्था भयंकर होती. एक सोडून तीन उपटसुंभ आत ठाण मांडून बसले होते. मनात असतं तर ते वरवर पुसून देऊ शकले असते, पण त्यांना ते जमेना. एकेकाला मुळापासून काढत ते कामात बुडून गेले. आणि तिकडे बाल्कनीत बायको आणि काटा कुंड्यांमध्ये उकिडवे बसून माती कालवत होते, हसत होते. आपल्या कौशल्यानेच आपल्याला आत डांबून ठेवलंय, हे लिफ्टवाल्यांच्या लक्षात आलं. हसण्याचा प्रत्येक आवाज कानात सुईसारखा शिरत होता.

काम संपल्यावर ते लॅपटॉप घेऊन बाल्कनीच्या दारात उभे राहिले.

“एवढं कशावर हसताय?”

“तुमच्यावर,” बायको म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. “चहाचं फडकं घेऊन दारात आलात तेव्हा तुमचं तोंड कसं झालं होतं, ते सांगत होते यांना.”

काटा गडगडून हसला. लिफ्टवालेही हसले. अगदी मनापासून नाही, पण हसले. मग पायजमा वर सारून, दोन कुंड्यांच्या मधल्या सांदीत कसेबसे मावत तिथेच खाली बसले आणि म्हणाले, “यातली कुठली फांदी आधी लावायची? मला दाखव.”