ठिकाण क्रमांक चार

“चित्रकार राहू दे बाजूला. टॉयलेटं किती आहेत ते आधी सांगा,” मालक म्हणाले.

मी कागद पुढे सरकवला. वर ठसठशीत अक्षरांत ‘थोर चित्रकाराच्या वाटेवरून : एक दिवसाची सहल’. खाली पाच ठिकाणं. जन्माचं घर; ज्या शाळेनं त्यांना काढून टाकलं ती शाळा (आता तिच्या फाटकावर त्यांचंच नाव आहे); तरुणपणी पाट्या रंगवल्या ते दुकान; शेवटची तीस वर्षं राहिले ते घर; आणि दर दुसऱ्या चित्रात येणारं नदीचं वळण. प्रत्येकापुढे माझे नेहमीचे तीन रकाने : पायऱ्या, सावली, टॉयलेट.

“बेचाळीस माणसं. त्यातली तीस साठीच्या पुढची,” मालक म्हणाले. “लोकांना कला दोन तास पुरते, बाई. त्यानंतर सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. चार नंबरला पूर्वी सोय नव्हती ना?”

“आता आहे. आतच, मागच्या बाजूला. दोन आहेत, पाणीही आहे.” मग मला राहवलं नाही. “पत्रं पाठवून पाठवून मीच करून घेतली.”

“झकास. पण तिथं चाळीस मिनिटं कशाला? वीस करा.”

“उद्या चाचणी फेरी आहे. मोजून आले की सांगते.”

एकोणीस वर्षं मी सहलींची वेळापत्रकं करते. कुठली थोर माणसं कुठे जन्मली, कुठे वारली आणि मध्ये कुठे जेवली हे मला तोंडपाठ आहे. पाहिलंय मात्र फार थोडं. खुर्चीत बसून, फोन लावून सगळं होतं. तरी माझ्या सहली उशिरा पोचत नाहीत, आणि त्याचं कारण ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. नकाशात ‘चालत पाच मिनिटं’ लिहिलेलं असतं, ती पाच मिनिटं तरुण माणसाची असतात. मी आईची लिहिते. आईला त्याच वाटेला अकरा लागतात. पलंगापासून दारापर्यंत तिची बावीस पावलं; ती माझी पट्टी. तिच्या पायांनी मी अर्धा देश मोजला, आणि ती स्वतः यंदा दोनदा जिना उतरली. दोन्ही वेळा डॉक्टरकडे.

चौथ्या ठिकाणी, त्या चित्रकाराच्या घरी, माझ्या आईनं बावीस वर्षं स्वयंपाक केला.

हे मी ऑफिसात कधी बोलले नाही. लहानपणी लाज वाटायची, नंतर सांगायचं राहूनच गेलं. आईलाही मिरवायची हौस नव्हती. साहेब गेले, घराला कुलूप लागलं, मग त्याचं संग्रहालय झालं. आईचं एवढंच म्हणणं, “एकदा मला माझं स्वयंपाकघर दाखवून आण.” घर नाही म्हणायची, चित्रं तर नाहीच. दर महिन्याला म्हणायची. मी म्हणायची, हा सीझन होऊ दे. गेल्या वर्षापासून तिनं म्हणायचं सोडलं, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

म्हणून या वेळी मीच म्हटलं, “उद्या गाडी येतेय. पायऱ्या मोजायला मला माणूस लागतं.”

“पगार किती देशील?” आई म्हणाली. पण सकाळी मी उठले तेव्हा ती केस विंचरून, चपला घालून पलंगावर तयार बसली होती.

जिन्याच्या चौपन्न पायऱ्या उतरायला आम्हाला सतरा मिनिटं लागली. खाली ऑफिसचा ड्रायव्हर दार उघडून उभा होता.

“मावशी, घाई नको. गाडी आपलीच आहे.”

“घाई मी चाळीस वर्षं केली. आता दुसऱ्यांनी करावी,” आई म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून आत बसली.

पहिली तीन ठिकाणं तिनं नोकरी असल्यासारखी उरकली. जन्माच्या घरी उंबरा उंच. शाळेत सावली नाही. पाट्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंतीवर लावलेल्या माहितीच्या फलकापुढे ती दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, “यातलं साहेबांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. आम्ही बोलायचो ते अंड्यांबद्दल.”

“म्हणजे?”

“किती उकडायची. रोज विचारायचे, आणि रोज दोनच खायचे.”

तिची ती दोन अंडी जगप्रसिद्ध आहेत. ‘किटली आणि दोन अंडी’ हे चित्र कॅलेंडरांवर असतं, बिस्किटांच्या डब्यांवर असतं. किटलीवर पडलेल्या उजेडाबद्दल कुणा तज्ज्ञानं तीन पानं लिहिलीत. ती मी एकदा आईला वाचून दाखवली होती. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, “उजेड कसला! अर्धा तास राखेनं घासली होती मी.”

“तुला नाही काढलं गं त्यांनी कधी?” मी गाडीत विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“मला बसवायला माझे हात रिकामे तर हवेत.”

चौथ्या ठिकाणी गाडी थांबली तशी ती सीटच्या कडेला सरकून बसली. दार तिनं स्वतःच उघडलं.

रखवालदार तिशीतला, बोलका होता. सहलीच्या ऑफिसातून आलोय म्हटल्यावर त्यानं तिकीट घेतलं नाही. बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत ती किटली होती. आई काचेला नाक लावून उभी राहिली.

“काळी पडलीय.”

“ती तशीच ठेवायची असते, आजी. जुनी दिसली पाहिजे.”

“तेव्हा ती जुनी नव्हती,” आई म्हणाली आणि थेट मागच्या बाजूला निघाली. रखवालदार वाट दाखवायला पुढे धावला, पण तिला वाट दाखवायची गरज नव्हती. मधली खोली, दोन पायऱ्या खाली, डावीकडे. काठी तिनं माझ्या हातात देऊन टाकली होती. मी सवयीनं घड्याळ लावलं. सात, आठ, नऊ पावलं. मग ती थांबली.

समोर पांढऱ्या फरशा. दोन नवी दारं, एकावर बाई, एकावर बुवा.

“इथं स्वयंपाकघर होतं,” आई म्हणाली.

“असेल. मी आलो तेव्हा नुसती अडगळ होती,” रखवालदार म्हणाला. “पब्लिकची फार तक्रार यायची. सहलवाले येईनात ना! एका ऑफिसनं तर तीन पत्रं पाठवली. सोय होत नसेल तर आमच्या यादीतून तुम्हाला वगळू म्हणून. मग वरून ऑर्डरच आली.” माझ्या हातातल्या कागदावर ऑफिसचं नाव होतं, तिकडे त्याची नजर गेली. “अरे! तुमचंच की हो ऑफिस.”

तिन्ही पत्रं मी लिहिली होती. तिसऱ्यात ‘मागील बाजूस वापरात नसलेली जागा उपलब्ध असल्याचे समजते’ हे वाक्यही माझंच. जागा कुठली, हे फोनवर विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझं बोट तेव्हा तिसऱ्या रकान्यावर होतं.

आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलावं, असंही वाटलं.

“बरं केलंत,” ती रखवालदाराला म्हणाली. “बायकांची फार पंचाईत होती इथं. बावीस वर्षं मला शेजारच्या घरी जावं लागायचं, त्यांचं दार वाजवून.”

“आणि साहेबांचं?” मी विचारलं.

“ते वर होतं. वर जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. जा असंही कुणी म्हटलं नाही.”

ती आत गेली. दार अर्धंच लोटलेलं होतं, म्हणून मला दिसत होतं. बेसिनवर जुना पितळी नळ होता. नळ तेवढा जुना ठेवलाय, शोभेचा म्हणून, असं रखवालदार सांगत होता. तो ठिबकत होता. खाली बादली होती, आणि बादलीच्या बुडाशी फरशीवर पिवळट वर्तुळ पडलं होतं.

“तीन प्लंबर झाले, आजी,” रखवालदार बाहेरून म्हणाला. “वायसर बदलले, सगळं केलं. ऐकत नाही.”

आईनं एका हातानं नळाची मान जराशी वर उचलली, दुसऱ्यानं चावी आत दाबली आणि अर्धा फेरा डावीकडे दिला. ठिबकणं थांबलं. त्या खोलीत एवढी शांतता असू शकते हे रखवालदारालाही नवीन असावं. तो आत डोकावला.

“कसं केलंत?”

“ब्रश धुऊन झाले की साहेब तसाच सोडायचे,” आई म्हणाली. “रोज करावं लागतं. विसराल.”

मग तिनं खिडकी असायची त्या भिंतीवर तळवा ठेवला. भिंतीच्या नव्या फरशीवर, थोडा वेळ. बाहेर आली तेव्हा ओले हात तिनं अंगापासून लांब धरले होते, लहानपणी मी पाहायची तसेच, पुसायला काही नसल्यासारखे. काठी परत मागून घेतली.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “आई, ती पत्रं मी—”

“वाचता येतं मला. तुझ्या कागदावर बघत होता तो.” तिनं पाय सरळ केले. “पाणी चांगलं आहे तिथं. लिही तसं.”

मी लिहिलं. चाळीस मिनिटं तशीच ठेवली. मालक वीस करणार, हे माहीत होतं. केली तर करोत.

पाचव्या ठिकाणी नदी रस्त्यापासून थोडी आत आहे. नकाशात चालत पाच मिनिटं. ड्रायव्हरनं दार उघडलं, पण आई हलली नाही.

“तू मोजून ये. मला बघायचं होतं ते झालं.”

मी एकटीच निघाले. वाट सपाट होती, झाडांची सावली होती, बाजूला कठडा होता, सुरुवातीलाच टॉयलेटही होतं. तिन्ही रकाने भरता येतील अशी सोय. मला कसलीही घाई नव्हती आणि कुणासाठी थांबायचंही नव्हतं. तरी मी मध्ये दोनदा कठडा धरून उभी राहिले. वळणापाशी पोचले तेव्हा उजेड अगदी चित्रातल्यासारखा होता. मी घड्याळ पाहिलं.

अकरा मिनिटं.

तीच लिहिली, आणि परत फिरले.