नकारातलं बरं

दक्षिण अमेरिकेतल्या पायसांदू गावात कोणाच्या दारावर थाप मारायची पद्धत नाही. रस्त्यावरच फाटकाशी उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. आधी कुत्रा येतो, मग पडदा हलतो, आणि वाटलंच तर माणूस येतो. नेलिदा आपासाला ही रीत लवकर अंगवळणी पडली. तिच्या जोडीदारणीला मात्र त्यात दरवेळी गंमत वाटायची. "बघ ना," ती म्हणायची, "त्यांनी नाही म्हणायच्या आतच आपण त्यांचं कौतुक करून टाकतो!"

दोघी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनरी. छातीवर काळी नावपट्टी, गुडघ्याखाली येणारा झगा, पाठीवरच्या पिशवीत निळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं. मिशनवर असताना पाळण्यातल्या नावाने हाक मारायची नसते. 'एर्माना', म्हणजे बहीण, आणि पुढे आडनाव. नेलिदा ही एर्माना आपासा, बोलिव्हियातल्या ओरुरोची, खाणकामगाराची मुलगी. दुसरी एर्माना थेन, अमेरिकेतल्या आयडाहोची, बटाट्याची शेती असलेल्या घरातली धाकटी. तिचे चारही भाऊ जगाच्या चार कोपऱ्यांत मिशन करून, छाती पुढे काढून घरी परतलेले.

नकाराचं नेलिदाला फारसं काही वाटत नसे. त्याचं शिक्षण तिला घरीच मिळालं होतं. तिचे वडील दर कार्निव्हलला खाणीतल्या देवीपुढे नाचणारे. लहानपणापासून नेलिदा त्यांच्या मागच्या रांगेत नाचायची. तिने मॉर्मन व्हायचं ठरवलं आणि नाच सोडला, त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. सोमवारी घरी फोन करायची मुभा असे. आई बोलायची, भाऊ बोलायचा, आणि मागे कुठेतरी वडील मुद्दाम मोठ्याने खुर्ची सरकवून उठून जायचे. ज्या मुलीने तो आवाज दर सोमवारी ऐकला, तिला फाटकापलीकडच्या परक्या माणसाने काय दुखवावं!

आणि पायसांदूची माणसं तशी वाईट नव्हती. देवाधर्माचं नाव काढलं की त्यांना झोप यायची, एवढंच. एक म्हातारा रोज संध्याकाळी बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात कडू माते चहाचा पेला घेऊन पायरीवर बसलेला असे. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पोरींनो, देवाशपथ सांगतो, मी देव मानत नाही!"

थेन हसून हसून वाकली होती. गल्लीच्या टोकाला आल्यावर म्हणाली, "किती छान होता ती आजोबा!"

तिचं स्पॅनिश असंच. पुरुषाची बाई करायची आणि बाईचा पुरुष. पण प्रत्येक फाटकावरून परतताना काहीतरी बरं शोधून काढायचं, हा तिचा नेम होता. कोणी तोंडावर खिडकी लावली, तर "खिडकीचा रंग काय सुंदर आहे." कोणी कुत्रा सोडला, तर "धावायला झालं, ऊब आली अंगात." एका बाईने तर वरून फरशी पुसलेलं पाणी ओतलं होतं. थेनने केस पिळले आणि म्हणाली, "साबणाचा वास चांगला आहे."

"एर्माना, तुला कधी राग येत नाही का गं?" नेलिदाने त्या दिवशी विचारलं.

"कशाला येईल? मस्त चाललंय की!"

नेलिदाला कधी कधी त्या 'मस्त'चा वीट यायचा. दिवसभर साखरेचं पाणी प्यायल्यासारखं व्हायचं. आणि त्या हिवाळ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. दुपारी सगळं गाव झोपायचं, तेव्हा दोघी खोलीवर येऊन जेवायच्या. थेन जेवणाआधी हात धुवायला जायची आणि नळ बराच वेळ चालू राहायचा. बाहेर यायची तेव्हा डोळ्यांवर पाणी मारलेलं असायचं. मग पाव उचलायची, चार तुकडे करायची, आणि तुकडे तसेच ताटात राहायचे.

"बरं आहे ना?"

"मस्त!"

नेलिदा आपला पाव पुढे ओढायची. माणूस मस्त म्हणतंय, तर आपण कशाला उकरून काढायचं.

त्या हिवाळ्यात एकच फाटक उघडलं, ते निबियाबाईंचं. त्या विधवा होत्या आणि घरी शिवणकाम करायच्या. शाळेच्या पोरांचे गणवेशाचे पांढरे झगे उसवायच्या, वाढवायच्या, गळ्याशी निळ्या फितीच्या गाठी लावून द्यायच्या. मुलगा राजधानीत, तोही क्वचित फोन करणारा. त्या दिवशी नदीवरून धुकं येत होतं, आणि टाळ्या ऐकून त्या स्वतः फाटकाशी आल्या. थेनच्या लाल झालेल्या नाकाकडे पाहून म्हणाल्या, "आत या गं, मरायचंय का थंडीने?"

त्या दिवसापासून दोघी आठवड्यातून दोनतीनदा जाऊ लागल्या. निबियाबाई तळलेल्या गोड पुऱ्या करून ठेवायच्या. मशीन थांबवून, हात मांडीवर ठेवून धडा ऐकायच्या. थेन विचारायची, "पटतंय का तुम्हाला?" त्या म्हणायच्या, "हो, पटतंय की." "प्रार्थना करून बघाल?" "बघीन की, त्यात काय." त्या घरात थेन पुरी खायची, अख्खी. नेलिदाने ते पाहिलं आणि तिला हायसं वाटलं.

शेवटी थेनने विचारलं, "बाप्तिस्मा घ्याल?"

निबियाबाईंनी थोडा वेळ मशीनच्या चाकावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "घेईन."

शनिवार ठरला. चर्चमधला पांढरा झगा त्यांना पायघोळ होत होता. "आणा इकडे," त्या म्हणाल्या, "शिंपिणीला कोणी झगा शिवून देतं का?" झगा मापाचा करायला त्यांनी घरीच ठेवून घेतला. त्या रात्री थेनने भाकरीएवढा पाव एकटीने संपवला आणि भावांना सोमवारी काय काय सांगायचं ते नेलिदाला तीनतीनदा ऐकवलं.

शनिवारी लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत हौद भरला. इतकी थंडी, म्हणून गावातल्या बायकांनी घरून किटल्या भरभरून ऊन पाणी आणून त्यात ओतलं. कोणी केक केला होता. दहापंधरा माणसं कोट न काढता खुर्च्यांवर बसली. एकाने पेटी वाजवली, मग तेच पुन्हा वाजवलं. पाण्यावरची वाफ हळूहळू दिसेनाशी झाली.

"निबियाबाईंना शिवणाचं काम निघालं असेल मधेच," थेन म्हणाली. "आपण घेऊन येऊ."

निबियाबाईंच्या घराच्या झडपा लावलेल्या होत्या. आत रेडिओ चालू होता. फाटकाला एक स्वच्छ पिशवी अडकवलेली होती, वारा लागून पडू नये म्हणून दोरीने बांधलेली. पिशवीत पांढरा झगा. खालची किनार बारीक टाक्यांनी घातलेली, इस्त्री केलेली, चुरगळू नये म्हणून घडीत कोरा कागद ठेवलेला.

थेनने टाळ्या वाजवल्या. आतला रेडिओ बंद झाला. पडदा हलला नाही.

"निबियाबाई!" नेलिदाने हाक मारली. "आम्ही आहोत. काही झालंय का?"

बऱ्याच वेळाने झडपेमागून आवाज आला. "जा गं पोरींनो. माफ करा मला. जा."

थेनने पिशवी सोडवून घेतली, छातीशी धरली. ती हसत होती. "चल," म्हणाली, "पुढचं घर."

"एर्माना, चर्चमध्ये सगळे थांबलेत."

"पुढचं घर," ती म्हणाली आणि चालायला लागली.

पुढचं घर रिकामं होतं. भिंतीवर 'विकणे आहे' असा रंग उडालेला फलक, अंगणात कमरेएवढं गवत. थेनने पिशवी मनगटात अडकवली आणि टाळ्या वाजवल्या.

"इथे कोणी राहत नाही गं."

"असेल. आत असेल."

ती वाजवत राहिली. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. "ए पोरी, त्या घराला केव्हाचं कुलूप आहे!" थेनने तिच्याकडे वळून मान हलवली, हसली, आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागली. एका लयीत, जोरजोरात. तळवे लाल झाले, मग आणखी लाल. रस्त्यावरून सायकलवर जाणारा माणूस पाय टेकून उभा राहिला. मग नेलिदाने पुढे होऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातांत पकडले. तरी ते हात आतल्या आत धडका मारत होते, धरलेल्या पाखरासारखे.

"मी शोधतेय," थेन म्हणाली. तिचं हसू तसंच होतं, पण त्यावरून डोळ्यांतलं पाणी वाहत होतं. "थांब, मी शोधतेय. पिशवी किती नीट बांधली होती. इस्त्री केली होती. टाके... टाके छान होते. त्याच्यापुढे सापडत नाहीये मला. आपासा, मला काही सापडत नाहीये."

नेलिदा थेनला घेऊन तिथेच फुटपाथवर बसली. समोरची बाई पाण्याचा पेला घेऊन आली, काही न विचारता ठेवून गेली.

त्यानंतर थेन अंथरुणातून उठली नाही. मिशनच्या अध्यक्षांची बायको राजधानीहून आली. शांत, पिकल्या केसांची बाई. ती थेनच्या उशाशी बसून राहिली, डॉक्टरांशी बोलली, आणि मग नेलिदाला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "हे आत्ताचं नाही, बाळ. पोर कित्येक महिने ओझं वाहत होती. तिला घरी पाठवायला हवं."

आतल्या खोलीतून थेनने ऐकलं. "नको," ती म्हणाली, "प्लीज नको. भाऊ सगळे पूर्ण करून आले. मी हसेन, मी नीट वागेन." ती असं विनवत होती, जणू हसणं कमी पडलं म्हणूनच शिक्षा होत होती. नेलिदाने तिची पेटी भरली. झगे घड्या करता करता तिला वाटलं, नळाच्या आवाजामागे ही काय करते हे आपल्याला कळत होतं. कळत होतं आणि ते 'मस्त' आपल्या सोयीचं होतं.

बस स्थानकावर चर्चमधल्या चार बायका आल्या होत्या. थेन एकेकीला मिठी मारून हसत होती, "परत येईन, नक्की येईन" म्हणत होती. नेलिदाची पाळी आली तेव्हा तिने थेनचे खांदे धरले.

"हसू नकोस," ती हळूच म्हणाली. "माझ्यासमोर तरी नको. राहू दे."

थेनचा चेहरा उतरला. इतके महिने एका खोलीत काढले, पण हा चेहरा नेलिदाने कधी पाहिला नव्हता. थकलेला, वयाने कितीतरी लहान. दोघी तशाच उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा थेन पायऱ्या चढली. खिडकीतून तिने हात केला नाही, आणि नेलिदाला ते बरं वाटलं.

नवी जोडीदारीण आली, होंडुरासची एर्माना सेलाया. बोलकी, पायाला भिंगरी. एका सोमवारी दोघी भाजीच्या दुकानात होत्या तेव्हा भोपळ्यांपलीकडे निबियाबाई दिसल्या. त्या वळून जायला निघाल्या, मग थांबल्या.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

निबियाबाई पिशवीतले कांदे उगाच वरखाली करत राहिल्या. "मला खरं सांगायचं होतं तुला. मी धर्मबिर्म काही मानत नाही गं. पण ती गोरी पोर विचारायची ना, पटतं का, तेव्हा असं तोंड करायची... उपाशी पोराला नाही कसं म्हणायचं? म्हणून हो म्हणत गेले. हो, हो करत त्या शनिवारपर्यंत आले. सकाळी झगा घालून आरशात पाहिलं, आणि म्हटलं, निबिया, देवाच्या दारात तरी खोटं बोलू नकोस." त्यांनी वर पाहिलं. "कुठाय ती? दुसऱ्या गावी गेली का?"

सेलाया शेजारी उभी होती, तिला सगळं ठाऊक होतं.

"घरी गेली," नेलिदा म्हणाली. "आईकडे."

"रागावली असेल माझ्यावर."

"नाही. तुमचे टाके छान आहेत म्हणत होती."

निबियाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नेलिदाच्या गालाला हात लावला आणि कांद्याचे पैसे द्यायला गेल्या. सगळं सांगितलं असतं तर त्या बिचारीने ते जन्मभर उराशी बाळगलं असतं. नेलिदाने बाळगलं तेवढं पुरे होतं.

घरी आल्यावर नेलिदाने आयडाहोला फोन लावला. पडद्यावर थेन दिसली, अंगात भावाचा जुना स्वेटर, मागे दाराशी चिखलाने भरलेले बूट. सगळे चांगले वागतात, ती म्हणाली. फार चांगले. चर्चमध्ये बायका मिठी मारतात ती अशी, की जणू आपण काचेच्या आहोत. काय झालं असं कोणी विचारत नाही. भाऊ परतले तेव्हा त्यांना व्यासपीठावर बोलावलं होतं. तिला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. ती आता मागच्या बाकावर बसते. कधी कधी जातच नाही. दिवसभर वखारीत बटाटे निवडते.

"डॉक्टर?"

"जातेय. गोळ्या आहेत. झोप येते."

सवयीने तिचे ओठ हलले, गाल वर चढायला लागले. नेलिदाला वाटलं, आता हिला एखादा छान बटाटा सापडणार. पण चेहरा तिथेच अडला.

"आज काही चांगलं नाहीये, आपासा," थेन म्हणाली. "काहीच नाही."

"बरं."

"उद्याही असेल असं नाही."

"बरं. मग तसंच सांग उद्या."

सेलाया भाजी धुवायची थांबून दारातून पाहून गेली, पुन्हा आत गेली. कोणीही फोन ठेवला नाही. पलीकडे कोणीतरी ट्रक सुरू केला, त्याचा आवाज दूर जात राहिला, आणि थेन हनुवटी गुडघ्यावर टेकवून, डोळे मिटून बसून राहिली.