निवडणुकीनंतर उरलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमची खडूने लिहायची पाटी नव्हे. अमेरिकेत निवडणूक आली की घरांपुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या नावांच्या पाट्या उभ्या राहतात, त्यांतली मी एक. अंगाने पन्हळी प्लॅस्टिकची, पायाला तारेची घोडी, रंग निळा, आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'नैना राजवाडे, सिटी काउन्सिल'. मराठी घरात राहिल्यामुळे मला मराठी येते. मी दोनच वर्षांची आहे, पण आमच्यात हे म्हातारपण समजतात, कारण माझ्या बहुतेक बहिणी मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात गेल्या.

माझा जन्म टेक्ससमध्ये, अर्विंगच्या बाजूच्या एका लहानशा शहरात झाला. शहराचे नाव मी सांगणार नाही. तिथले लोक ईमेल फार लिहितात. एका डोनटच्या दुकानाशेजारच्या छापखान्यात आम्ही दोनशे बहिणी एका दुपारी छापून निघालो आणि नैनाताईंच्या गाडीच्या डिकीत जाऊन बसलो.

नैनाताई ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या. पेशाने फार्मासिस्ट. शनिवार-रविवारी त्या घरोघर जाऊन मते मागायच्या. एका शनिवारी मला काखेत धरून त्यांनी एका घराची बेल वाजवली, आणि दार दादारावांनी उघडले.

दादाराव नागपूरचे, टपाल खात्यात आयुष्यभर पोस्टमन. निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी जाईबाई लेकीकडे, म्हणजे हर्षिताकडे, राहायला आले. नुकतेच दोघे अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि पहिले मत कोणाला द्यावे याचा दादाराव फार गंभीरपणे विचार करत होते. त्यांनी सवयीने 'जय भीम' म्हटले. नैनाताई क्षणभर थांबल्या. दुसरा कोणी असता तर हसून मान हलवून पुढे सरकला असता. त्या म्हणाल्या की काका, याला काय उत्तर द्यायचे असते ते मला माहीत नाही, सांगाल का? दादाराव त्यांना एक तास सांगत राहिले. पायरीवर बसून ताईंनी सगळे ऐकले, आणि पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या तेव्हा बरेच काही वाचून आल्या होत्या.

दादाराव तिथेच ताईंचे झाले. त्यांनी मला मागून घेतले आणि हिरवळीवर कुठे उभे करायचे ती जागा स्वतः तीन वेळा बदलली. माझा निळा रंग ताईंनी मुद्दाम निवडला, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. खरे तर छापखान्यात निळी शाई त्या दिवशी भरपूर होती. पण मी बोलू शकत नाही, आणि बोलता आले असते तरी हे सांगितले नसते.

मग दादाराव स्वतःच प्रचाराला निघाले. आमच्या घराजवळून सहा पदरी रस्ता जातो. अलीकडे वाचनालय आणि किराण्याचे दुकान, पलीकडे अपार्टमेंटच्या इमारती. मध्ये सिग्नल नाही. इमारतींतली म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया पिशव्या सांभाळत तो रस्ता धावत ओलांडतात. दादारावांनी मला काखेत घेऊन तिथल्या बासष्ट दारांवर थाप दिली. त्यांचे इंग्रजी पोस्टाच्या फॉर्मवरचे, पण काम भागे. प्रत्येक दारी ते तेच सांगायचे: ताई निवडून आल्या की इथे सिग्नल लागेल, माझा शब्द आहे. त्या इमारतींमधले कोणी आधी मतदानाला फारसे जात नसे. त्या वेळी गेले. ताई एकोणचाळीस मतांनी निवडून आल्या.

ते माझे वैभवाचे दिवस होते. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. पुढच्या चौदा एप्रिलला ताईंनी काउन्सिलच्या सभागृहात बाबासाहेबांच्या जयंतीचा जाहीरनामा वाचला, तेव्हा दादाराव कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. घरी येऊन त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला. मला वाचायला दिला असेच मी मानते.

त्यानंतर वसाहतीच्या कमिटीचे पत्र आले की निवडणूक कधीच झाली, पाटी काढा. मी गॅरेजमध्ये गेले. तिथे जाईबाईंना माझा शोध लागला. टेक्ससचे ऊन वाया जाऊ नये म्हणून त्या मला मागच्या अंगणात आडवी करायच्या, वर स्वच्छ कापड घालून कुरडया वाळत टाकायच्या. सांडगी मिरच्यासुद्धा. एका लोकप्रतिनिधीचे नाव अंगावर असताना पोटावर मिरच्या! मला राग यायचा. पण खरे सांगते, बाकी वर्षभर मला कोणी हातसुद्धा लावत नव्हते.

आणि एके दिवशी ताईंचे ईमेल आले. हर्षिताने ते गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वडिलांना वाचून दाखवले. तीन वर्षांची मुदत असताना ताई दीड वर्षांतच पद सोडत होत्या. कारण दिले होते कौटुंबिक. सिग्नल मंजूर झाला होता, पण खांब अजून उभा राहिला नव्हता.

दादारावांनी आयुष्यभर वर्तमानपत्रे वाचली होती, आणि 'कौटुंबिक कारण' या शब्दांचा अर्थ तिथे कधीच कौटुंबिक नसे. कोणीतरी दबाव आणला असणार. नाहीतर ताई रुसल्या असणार. दोन्ही रोगांवर त्यांना एकच औषध ठाऊक होते. नागपुरात त्यांच्या वॉर्डातल्या नेत्याने तीनदा राजीनामा दिला होता, आणि तिन्ही वेळा कार्यकर्ते हार घेऊन त्याच्या दारात बसले, घोषणा दिल्या, मग आतून चहा आला आणि राजीनामा मागे गेला. दादाराव तिन्ही वेळा हजर होते. ताईसुद्धा आपली वाट बघत असतील, आपण गेलो नाही तर त्यांना काय वाटेल, असे ते म्हणू लागले.

"बाबा, इकडे असं नसतं करत," हर्षिता म्हणाली. "पीपल विल कॉल द कॉप्स."

"हार घेऊन आलेल्या माणसाला पोलीस काय करतील?" दादारावांनी विचारले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. दादाराव, जाईबाई, बुद्धवंदनेला भेटणारी पाच-सहा मंडळी, अर्विंगच्या दुकानातून आणलेला झेंडूचा हार आणि मी. हर्षिता गाडी चालवून आली, पण उतरायला तयार होईना. ताईंच्या ड्राइव्हवेवर सतरंजी अंथरून सगळे बसले. मला पुढे उभे केले. 'नैनाताई, राजीनामा मागे घ्या' असे दादाराव म्हणाले, बाकीच्यांनी दबल्या आवाजात साथ दिली. समोरच्या घरातला पडदा हलला. कुत्र्याला फिरवणारा एक गृहस्थ थांबून सगळे ठीक आहे ना, असे विचारून गेला.

ताई घरच्या कपड्यांतच बाहेर आल्या. मागे त्यांचा लहान मुलगा आर्य दाराला चिकटून उभा होता. ताईंचा चेहरा उतरलेला होता. त्यांना वाटले, आम्ही जाब विचारायला आलो आहोत. त्या माफी मागू लागल्या, आणि माफी मागताहेत म्हणजे विरघळल्या, असे समजून आमची मंडळी खूश झाली. मला सांगा, अशा वेळी पाटीने काय समजावे?

दादारावांनी एकेक कारण विचारले. कोणी दबाव आणला का? नाही. पक्षाने? शहराच्या निवडणुकीत इथे पक्ष नसतोच, काका. तब्येत? ठीक आहे. मग?

"काका, मला कोणी फोर्स नाही केलं," ताई म्हणाल्या. "मी दमले. स्टोअरमध्ये दहा तास, मग मीटिंग्ज, मग ईमेल्स. आर्य माझ्याशी बोलतो आणि मला ऐकूच येत नाही. आय ॲम जस्ट डन."

दादाराव उठून उभे राहिले. "ताई, ती खुर्ची तुमच्या एकट्यांची नव्हती. तिथपर्यंत पोचायला आमच्या किती पिढ्या गेल्या. कोणी काढून घेतली तर आम्ही भांडलो असतो. पण तुम्ही आपणहून सोडली, आता आम्ही भांडायचं कोणाशी?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणूनच सोडली, काका. माझी एकटीची असती तर अर्ध्या मनानं बसून राहिले असते."

दादारावांना हे पटले नाही. मलाही पटले की नाही, ते मला आजवर ठरवता आलेले नाही. ताई खोटे बोलत नव्हत्या एवढे मात्र दिसत होते. हार अजून दादारावांच्या हातातच होता. तो राजीनामा मागे घेतल्यावर घालायचा होता. शेवटी जाईबाईंनीच तो त्यांच्या हातातून काढला आणि ताईंच्या गळ्यात घातला. "केलंस तेवढं पुष्कळ केलंस, पोरी," त्या म्हणाल्या. परतताना गाडीत दादाराव जाईबाईंशी एक अक्षर बोलले नाहीत.

ताईंचा राग आला म्हणावे, तर ते कोणी ताईंना नाव ठेवले की त्याच्यावर चिडत. दया आली म्हणावे, तर ताईंचा फोन उचलत नसत. पण एका गोष्टीने त्यांना जेवण गोड लागेना. शब्द ताईंनी दिला नव्हता, दादारावांनी दिला होता, आणि तोही बासष्ट दारांवर. आता त्या माणसांना तोंड कसे दाखवायचे? हर्षिता म्हणाली की बाबा, कोणाच्या लक्षातही नसेल. त्यावर ते म्हणाले की नसेल तर बरेच आहे, पण मला विचारून यावे लागेल.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला पुसून काखेत घेतले आणि आम्ही तो सहा पदरी रस्ता धावत ओलांडला. पहिल्या काही दारांवर त्यांना वाक्यच जमेना. ताई गेल्या, का गेल्या ते मला नीट कळले नाही, सिग्नल मंजूर आहे, पण खांब आलेला नाही, असे ते तुटक तुटक सांगत. काहींनी खांदे उडवले. एकाने, राजकारणी सगळे सारखेच, म्हणून दार लावले. दादारावांनी बंद दाराला 'ताई तशा नव्हत्या' असे सांगितले.

मग रोझाआजींचे दार आले. या मेक्सिकोच्या, चाकांच्या वॉकरला धरून चालणाऱ्या. माझ्यावरचे नाव बघून त्यांना दादाराव आठवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ताईंना दोष दिला नाही, दादारावांनाही नाही. फक्त एवढेच विचारले:

"सो, हू डू आय कॉल नाऊ?"

याचे उत्तर ताईंनी दिले नव्हते आणि ईमेलमध्येही नव्हते. मग दादारावांनी आजींकडे जाड मार्कर मागितला, मला भिंतीला टेकवून ताईंच्या नावाखाली स्वतःचा फोन नंबर लिहिला, आणि दर मंगळवारी काउन्सिलच्या मीटिंगला आपण सिग्नलचे विचारायला जाणार, असे आजींना सांगितले. अपार्टमेंटच्या मॅनेजरला विचारून त्यांनी मला टपालाच्या पेट्यांजवळ उभे केले आणि ते एकटेच परत गेले.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. वर पद सोडून गेलेल्या बाईंचे नाव आणि खाली कधीच पदावर नसलेल्या म्हाताऱ्याचा नंबर, अशी मी नेमकी कोणाची पाटी आहे हे मला कळत नाही. ताईंनी बरोबर केले की चूक, तेही कळत नाही. खांब अजून आलेला नाही. पण पत्रे न्यायला आलेले कोणीतरी माझ्यापुढे थांबते, नंबर लावते, आणि पलीकडून पहिल्याच घंटीला 'हॅलो, दादाराव बोलतोय' असे ऐकू येते. तुम्हांला एकच विनंती आहे. मार्करची शाई उन्हाने फिकी होत चालली आहे. शेवटचे दोन आकडे आता जेमतेम दिसतात. इकडून गेलात, तर तेवढे गिरवून जा.